हात नंतर धुणारे सर

आमचे सर दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धूत. कुणाशी हस्तांदोलन केलं, धुतले. फाइलवर सही केली, धुतले. संचालकसाहेबांच्या केबिनमधून आले की कोपरापर्यंत धूत आणि साबण चोळता चोळता माझ्याकडं बघून म्हणत, "कुठं काय चिकटून येतंय, सांगता येत न्हाई." फार उशिरा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस हात धुतो तो नेहमी नंतर. लोकांना भेटून आल्यावर. भेटायला जाण्याआधी त्यांनी हात धुतलेले मी तरी पाहिले नाहीत. जी काही घाण आहे ती दुसऱ्याकडून आपल्याकडं येते, आपल्याकडून कुठं जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आता ही समजूत आमच्याकडं दर दुसऱ्या माणसाची असते म्हणा. पण दर दुसऱ्या माणसानं परदेशात बारा वर्षं जंतूंचा अभ्यास केलेला नसतो.

सर उदगीरचे. लिंगायत वाण्याचं घर, गळ्यात लिंग, घरात कानडी, डाळीच्या पोत्यांत वाढलेला माणूस. बापाला वाटत होतं पोरानं गादीवर बसावं, तर पोरगा जाऊन बसला सूक्ष्मदर्शकापुढं. परदेश झाल्यावर पुण्याहून बोलावणं होतं, ते नाकारून हे गृहस्थ नांदेडला आले. का, तर म्हणे ताप इथं येतो आणि त्याची तपासणी पुण्यात होते, हे बरोबर नाही. आम्हाला वाटलं दोन महिन्यांत पळेल. पळाले नाहीत. मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि पुढची सात वर्षं माझं पळायचं राहून गेलं.

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. गावानं मारत. मी हदगावचा, म्हणून मी 'हदगाव'. संचालकसाहेब माहूरचे, म्हणून पाठीमागं 'माहूर'. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, मला आईबापानं नाव ठेवलंय." तर म्हणाले, "जंतूला तरी आपण काय म्हणतो? हा अमक्या गावचा, तो तमक्या गावचा. तू काय जंतूपेक्षा मोठा लागून गेलास का?" संस्थेतल्या बढतीच्या यादीतही मी जंतूच्या खालीच होतो.

त्यांचं काम लोकांना समजायचं नाही. समजत नाही म्हटल्यावर लोक फार आदर करतात, तसा करायचे. पण सर स्वतः ते इतकं सोपं करून सांगत की आदर कमी व्हायचा. म्हणत, "जंतूच्या पोटात एक पोथी असती, चार अक्षरांत लिहिलेली. पिढ्यान् पिढ्या नकला होत जातात, आन् नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. दोन रोग्यांच्या पोथ्या जवळजवळ सारख्या निघाल्या, म्हंजी जंतू एका घरचे. लई फरक निघाला, म्हंजी लांबचे. तुम्ही सोयरीक जुळवताना मामाचं गाव विचारता का न्हाई? मी तेच करून राहिलो. फक्त माझ्या पाव्हण्यांना पाय लई अन् लग्नं न्हाईत."

पोथ्या वाचायचं मशीन आलं तेव्हा संस्थेनं नारळ फोडला. फोडला म्हणजे मशीनपासून हातभर अंतरावर फोडला, आणि पाणी उडालं ते आत. दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत सहा आठवडे जंतू निर्धास्त होते. खंडेनवमीला कुणीतरी पिपेटांना कुंकू लावलं. सर बघत राहिले आणि म्हणाले, "आता ह्या चुकीचं मोजतील तर देवीचा कोप." मशीनच्या खोलीत गारठा ठेवावा लागतो, म्हणून ते अंगात स्वेटर घालत. तो स्वेटर काढायला मात्र विसरत. मे महिन्यात नांदेडच्या रस्त्यावरून हा माणूस लोकरीचा स्वेटर घालून चालला की रिक्षावाले ब्रेक दाबून बघत.

त्यांचं एक वाक्य होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन: "ज्याला तपासला न्हाई तो चांगला नसतो, तो नुसता तपासायचा राहिलेला असतो." हे ते कुणाबद्दलही म्हणत. पाण्याच्या टाकीबद्दल, लिंबाबद्दल, नव्या जावयाबद्दल. लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये त्यांना डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांपुढं भाषणाला बोलावलं होतं. आयोजकांनी ओळख करून देताना पाऊण तास स्तुती केली. सर उभे राहिले, हेच वाक्य म्हणाले, आयोजकांकडं बोट दाखवलं आणि खाली बसले. परतीच्या वाटेवर जेवण मिळालं नाही. मीही उपाशी. माझा काय गुन्हा होता कुणास ठाऊक.

आता शनिवारचं सांगतो. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या आवारात एक छोटं कॅन्टीन होतं. मुदखेडच्या एक मावशी ते चालवत. सकाळच्या रेल्वेनं यायच्या, संध्याकाळच्या रेल्वेनं जायच्या. नवरा गेलेला, पोरगी लातूरला शिकायला ठेवलेली. सगळा संसार त्या दोन शेगड्यांवर. संस्थेत वेळेवर सुरू होणारी गोष्ट फक्त त्यांचा चहा. दर शनिवारी सर त्यांच्या कॅन्टीनमध्ये घुसत आणि सगळ्यांसाठी सुशीला करत. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीत परतायचे. लातूर-उदगीरकडं घरोघरी होतो तो. नांदेडच्या लोकांना सुशीला कळत नाही, हे त्यांचं शास्त्रीय मत. मावशींनाही ते हात लावू देत नसत. परतून झाला की परातीत काढायचा आणि वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, डाळव्याचं कूट, लिंबू, सगळं हातानं कालवायचं. मावशी म्हणायच्या, "सायेब, चमचा घ्या." सर म्हणत, "मावशी, चमच्याला चव नसती."

कालवता कालवता दर शनिवारी तीच गोष्ट. नऊ वर्षांचे असताना त्यांना मुदतीचा ताप आला, ज्याला आता टायफॉईड म्हणतात. आईनं एकवीस दिवस मुगाच्या पाण्यावर ठेवलं. बाविसाव्या दिवशी त्यांनी सुशीला मागितला, आईनं केला, आणि त्या दिवशी जी चव लागली ती पुन्हा म्हणून लागली नाही. ती शोधायला ते दर शनिवारी करून राहिले. आम्ही ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली, बोटं चाटत ऐकली. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला आमच्या आवारात टायफॉईड पसरला. दोन कारकून, चार विद्यार्थी, एक वॉचमन, ग्रंथालयातल्या मॅडम आणि मी. नऊ जण. मी तर असा वाळलो की बायको म्हणाली, आता तुमचे कपडे मोठ्या पोराला होतील. आम्ही पडलेलो आणि सर माझ्या खाटेशी उभे, चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद. "लेका हदगाव, तुझ्या रक्तातला जंतू वाढला. लई सुंदर आलाय!" कुणाला काय सुंदर वाटेल याचा नेम नाही.

नऊच्या नऊ जंतूंच्या पोथ्या वाचल्या. सगळे एका घरचे. पण त्यात एक भानगड निघाली. आजकालचा टायफॉईडचा जंतू मोठमोठ्या औषधांना भीक घालत नाही. हा मात्र जुनी साधी गोळी दाखवली तरी मान टाकत होता. अशा चालीचा जंतू आमच्या भागात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. सरांना झोप येईना. "यप्पा! असा सभ्य जंतू! हा माझ्या लहानपणचा हाय, हदगाव. इतकी वर्षं हा कुठं दडून बसला आसंल?" त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. आजोबांवर निबंध लिहायचा, तो मोठ्या नियतकालिकात छापून आणायचा, दिल्लीची समिती येणारच होती तिच्यापुढं मांडायचा आणि मराठवाड्यातल्या तापांचं कायमचं केंद्र नांदेडला उभं करायचं, असं सगळं ठरलं. त्यासाठीच तर पुणं नाकारलं होतं. हाताशी मशीन धरून आम्ही दोघं शास्त्रज्ञ आजोबांना शोधायला निघालो. ते दर शनिवारी आम्हाला वाढत होते.

संस्थेला मात्र आजोबांत रस नव्हता. संस्थेला माणूस पाहिजे होता, आणि तोही असा की ज्याला खुर्ची नाही. माहूरनं, म्हणजे संचालकसाहेबांनी, बैठकीत सांगितलं, "बाई रोज रेल्वेनं येती. कुठं कुठं हात लावून येत आसंल." कॅन्टीन बंद करण्याचा अर्ज निघाला. अर्जावर आजारी लोकांच्या सह्या घेतल्या. माझ्याही खाटेशी आला. मी पडल्या पडल्या सही केली. ताप होता तरी अक्षर चांगलं आलं. ज्या बाईनं माझ्यासाठी सहा वर्षं बिनसाखरेचा चहा वेगळा काढून ठेवला, तिच्या पोटावर मी सही केली, हे आता सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

सरांचा अर्जाला विरोध होता. विरोध म्हणजे काय, ते म्हणाले, "पुरावा न्हाई. तपासू." टाकीचं पाणी तपासलं, त्यात टायफॉईड नाही. आवारातल्या झाडून सगळ्यांच्या शौचाचे नमुने घेतले, कुणाकडं काही नाही. मावशींचाही नमुना स्वच्छ. झालं, असं मावशींना वाटलं. पण सर म्हणाले, "एकदा स्वच्छ म्हंजी काही न्हाई. हा जंतू पित्ताच्या पिशवीत बिऱ्हाड करून वर्षानुवर्षं ऱ्हातो. माणूस ठणठणीत दिसतो. कधी बाहेर पडतो, कधी न्हाई. स्वयंपाक करणाऱ्याचा तीनदा पाहिजे." शास्त्र म्हणून अगदी बरोबर. आणि तोवर कॅन्टीनला कुलूप.

ते तीन नमुने व्हायला महिना गेला. त्या महिन्यात गोष्ट मुदखेडला पोचली. रेल्वेत रोजच्या बायका मावशींना बघून सरकून बसू लागल्या, जागा द्यायला नव्हे. गल्लीत कुणी त्यांच्या घरचं पाणी पिईना. पोरीला लातूरहून परत आणायची बोलणी सुरू झाली.

तिसरा नमुना द्यायला त्या आल्या तेव्हा मी नुकताच कामावर रुजू झालो होतो. त्यांनी डबी टेबलावर ठेवली. नजर माझ्यावर गेली, मी नळ दुरुस्त करायचं नाटक केलं. मग त्या सरांना म्हणाल्या, "सायेब, एक इचारू? समद्यांचं घेतलं. तुमचं घेतलं का?"

सर हसले. "मावशी, मी कंट्रोल हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी बाकीच्यांची तुलना ज्याच्याशी करायची, तो."

"आन् तुमची कुणाशी करायची?"

सरांचं हसू तिथंच राहिलं. मावशी थांबल्या नाहीत. "कामून इचारते, तर सैपाक मी एकली न्हाई करत. शनिवारी तुमी करता. मी चमच्यानं करते, तुमी हातानं करता. आन् तुमीच म्हणता, ज्याला तपासला न्हाई तो चांगला नसतो. मी सहा वर्सं ऐकून राहिले. मला वाटलं, समद्यांसाठी हाय."

सर उठले, कपाटातून तीन रिकाम्या डब्या काढल्या आणि त्यांच्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: उदगीर एक, उदगीर दोन, उदगीर तीन.

उदगीर एक स्वच्छ निघाला. मी म्हटलं, "बघा, सर!" ते माझ्यावर असे ओरडले की तेवढ्यासाठी कानडीत गेले. उदगीर दोनमध्ये जंतू वाढला. तो मशीनवर चढवला, आणि दोन दिवसांनी वंशवृक्ष पडद्यावर आला. आमचे नऊ जण वेगवेगळ्या फांद्यांवर लटकलेले, पोरं-नातवंडं. आणि सगळ्या फांद्या खाली येऊन जिथं मिळत होत्या, तिथं उदगीर दोन. नऊ वर्षांच्या पोराला झालेला ताप आईनं मुगाच्या पाण्यानं उतरवला होता; जंतू कुठं गेला नव्हता. पिशवीत बसून राहिला, परदेश हिंडून आला आणि आमच्या परातीत उतरला.

सरांनी स्वेटरची बाही मागं ओढून एकेक फांदी बोटानं खालपर्यंत मोजली. मग म्हणाले, "हदगाव, आजोबा सापडले." आवाज पडलेला होता.

खरं सांगतो, मी त्यांना म्हटलं की हे कुणाला सांगायची गरज नाही. मावशींचे तिन्ही नमुने स्वच्छ आलेत, कॅन्टीन उघडेल, तुम्ही उपचार घ्या, विषय संपला. आजोबा आपले, घरातले. सरांनी संचालकसाहेबांना सांगितलं तर त्यांनीही तेच सांगितलं. समिती पुढच्या आठवड्यात, आणि तापाच्या केंद्राचा प्रमुखच तापाचा उगम? "अज्ञात लिवा," म्हणाले, "अज्ञात लई सोयीचा शब्द हाय. बाईचं काय, लोक चार दिवसांत विसरतात." सर केबिनमधून बाहेर आले, नळापाशी थांबले, नळाकडं बघितलं आणि हात न धुताच पुढं गेले. सात वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दारावर कागद लागला होता. मोठ्या अक्षरात, शुद्ध मराठीत: 'आपल्या आवारात पसरलेल्या मुदतीच्या तापाचा उगम मी आहे. हे तपासणीने सिद्ध झाले आहे. शनिवारचा सुशीला मी हाताने कालवत होतो. कॅन्टीनच्या मावशींचा यात काडीचाही दोष नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची मी क्षमा मागतो.' खाली सही, आणि सहीखाली सगळ्या पदव्या. एरवी पत्रिकेवर पदवी छापली तर भांडणारा माणूस, त्यानं त्या दिवशी एकही सोडली नव्हती.

तेवढ्यावर भागलं असतं. पण सरांचं म्हणणं, बदनामी जिथवर गेली तिथवर खुलासा गेला पाहिजे. म्हणून ते मला घेऊन मुदखेडला गेले आणि सकाळच्या गाडीत, बायकांच्या घोळक्यापुढं, स्वेटर घालून उभे राहिले. पोथी सांगितली, अक्षरं सांगितली, सोयरीक सांगितली. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी टोपलीवाली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी ह्या मास्तरच्या पोटातलं समद्यांला झालं?"

"हाव," सर म्हणाले. "अगदी तेच."

दोन मिनिटांत सरांच्या आजूबाजूचं बाकडं रिकामं झालं. मुदखेड ते नांदेड, खच्चून भरलेल्या डब्यात, आख्ख्या बाकड्यावर एकटे सर. मावशी पलीकडं बायकांच्या मधोमध, कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून. सर मला म्हणाले, "हदगाव, बसायला येतोस का?" मी म्हटलं, मी उभाच बरा. मला टायफॉईड होऊन गेला होता, तरी उभाच राहिलो.

समिती आली, हात पुसत चहा प्याली आणि गेली. केंद्र नांदेडला झालं नाही. पुण्याला झालं म्हणतात. तिथं ताप येत नसला तरी इमारती चांगल्या आहेत. निबंध छापून आला, एका लहानशा नियतकालिकात. त्यात उगमाचा रुग्ण आणि लेखक एकच, म्हणून संपादकांनी दोनदा पत्र लिहून विचारलं की काही चूक तर झाली नाही ना. सरांचं प्रमुखपद गेलं. लातूरला ऑपरेशन करून त्यांनी पित्ताची पिशवी काढून घेतली. तीत सात खडे निघाले, ते बाटलीत घालून टेबलावर ठेवले. कुणी विचारलं तर म्हणत, "आजोबांचा वाडा."

औषधं संपल्यावर त्यांनी स्वतःचे तीन नमुने लावले, महिन्या-महिन्याच्या अंतरानं. तिन्ही स्वच्छ. त्या शनिवारी तिन्ही अहवाल हातात घेऊन ते कॅन्टीनच्या दारात उभे राहिले. मी मागं होतो. माझी त्या दारात जायची ती अर्जावरच्या सहीनंतरची पहिलीच वेळ.

मावशींनी अहवाल घेतले, उलटसुलट बघितले आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवले. ओट्यावर मुरमुरे भिजलेले होते. सर आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मावशींनी झारा आडवा धरला.

"ओ उदगीर," त्या म्हणाल्या. "हात धुवा. आधी."

आजवर त्यांना गावानं कुणी हाक मारली नव्हती. सर नळाशी गेले, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि साबण घेतला. पाठमोरे होते, तरी मला दिसलं, खांदे हलत होते. रडत होते की हसत होते, मी बघायला पुढं गेलो नाही. मावशींनी तोवर मला बिनसाखरेचा चहा दिला, मी न मागता. सर धुऊन आले, दोन्ही हात पुढं करून दाखवले. मावशींनी नीट बघितले.

"बसा तिकडं," त्या म्हणाल्या, "मी करते." आणि कांद्यात चमचा घातला.